चौदाच्या पाढ्याला संपलेला बर्फ

१

माझ्या पेशी मेल्या तेव्हा मी जिवंत होते, म्हणूनच त्यांच्या मरणाचा तपास मला करता आला. असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मंगळवारी दुपारी मोठे डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर उभ्याउभ्या बोलले तर बातमी साधी असते. बसले की समजावं, काही खरं नाही.

"पेशी गेल्या, बाई. शंभरातल्या निदान ऐंशी जिवंत असल्या तरच आम्ही त्या शिरेतून सोडतो. तुमच्या अकरा निघाल्या."

"कशानं मेल्या?"

"तेच कळत नाहीये. परवा अकराला समिती बसेल. कारण सापडलं नाही, तर हा सगळा प्रयोग थांबवावा लागेल. तुमची राखीव पिशवीही मग उघडता येणार नाही. तुम्ही आपल्या घरी जा, आराम करा."

"आरामाला मेल्यावर भरपूर वेळ आहे," मी म्हणाले.

माझ्या उजव्या मांडीत लिंबाएवढी गाठ आहे. दोनदा कापून काढली, दोनदा परत आली. चिवटपणात ती माझ्यावरच गेली आहे. या वेळी डॉक्टरांनी वेगळा डाव टाकला. माझ्याच रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत तीन आठवडे त्यांना ही गाठ ओळखायला शिकवलं आणि दोन पिशव्यांत गोठवून ठेवलं. पण नुसत्या पेशी सोडल्या तर त्या गाठीच्या दाराशी जाऊन परत येतात, असा यांचा अनुभव. म्हणून आधी गाठीत सुईनं लोहाचे कण सोडायचे, इतके बारीक की कोट्यवधी मिळून एक थेंब. मग मांडीभोवती कॉइल लावून वीज खेळवायची. कण तापतात, गाठ त्रेचाळीस अंशांवर जाते, तिची तटबंदी सैल पडते. त्यानंतर तासाभरात पेशी आत घुसवायच्या. उष्णता दार उघडते आणि पेशी घर साफ करतात. एकटीदुकटीचं हे काम नाही.

मंगळवारी सकाळी दार उघडलं होतं. घर साफ करणारेच मेले होते.

"आणि चूक कोणाची ते जवळपास ठरलंय," डॉक्टर उठताना म्हणाले. "पिशवी वितळवणारी ती मुलगी. तिच्याशिवाय पिशवीजवळ कोणी नव्हतंच."

मी त्यांना जाऊ दिलं. ते खोटं होतं. त्या पिशवीशेजारी पंधरा मिनिटं एकटा एक माणूस बसला होता, आणि तो माझा सख्खा धाकटा भाऊ होता.

२

मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले तराजू, दुधाची मापं, पेट्रोलचे पंप तपासायचे, खोटं निघालं की सील ठोकायचं. दुकानदार मला पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे. इथेही आठवड्याभरात सगळे मला इन्स्पेक्टरबाई म्हणू लागले होते. मग म्हटलं, नाव आहे तर कामही करू.

बुधवारी सकाळी पहिली साक्ष त्या मुलीची. ती जिन्याखाली बाकावर बसली होती, डोळे सुजलेले. तिला मी पाढेवाली म्हणायचे. त्याचं कारण असं, की उष्णतेच्या खोलीत धातू चालत नाही. घड्याळ, मोबाइल, अंगठी, सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये. मग वेळ मोजायची कशी? ही पोरगी पाढे म्हणायची. गोठलेली पिशवी वॉटर बाथच्या, म्हणजे पाणी ठरल्या अंशांवर ठेवणाऱ्या विजेच्या डब्याच्या, कोमट पाण्यात धरायची, हळूहळू चोळायची आणि दोनच्या पाढ्यापासून सुरुवात करायची. शाळेत गणिताच्या बाईंनी छडीवर बसवलेली लय, एका मात्रेनं इकडची तिकडे होत नसे.

"पोरी, रडणं नंतर. आधी मला सांग, बर्फाचा शेवटचा खडा नेहमी कुठे संपतो?"

"एकोणिसात, मावशी. पाणी सदतीस अंशांवर असलं की एकोणिसातच. पन्नास वेळा सराव केलाय मी."

"आणि काल?"

तिनं मान खाली घातली. तिला ते माहीत होतं, आणि मलाही. मी तेव्हा तिथेच टेबलावर आडवी होते, मांडीभोवती कॉइल, हलायची सोय नाही. कान मात्र मोकळे होते. "चौदा पंचे सत्तर" म्हणून ती थांबली होती.

"चौदात," ती पुटपुटली. "मला वाटलं मीच भरभर म्हटले. चौकशीत सांगितलं नाही. हसले असते सगळे. पाढ्यांवर कुठे विज्ञान चालतं?"

"मग पिशवी बाहेर का नाही काढलीस?"

"काढणारच होते. पण तुमची गाठ तापायला वेळ लागत होता. यंत्रावरचे भट्टीवाले सर म्हणाले, अजून वीस मिनिटं. वितळलेली पिशवी सदतीसच्या पाण्यात थोडा वेळ राहिली तर चालतं, सरावात दोनदा राहिली होती. हातात बर्फासाठीचे जाड हातमोजे, मला पाण्याचं काही कळत नव्हतं. आकडा बघितला, सदतीस. मग पेशी मोजायला वर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक तयार ठेवायचा म्हणून..." ती अडखळली. "काकांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा."

"आणि वॉटर बाथ?"

"मेकॅनिकनं काल संध्याकाळीच तपासला. सदतीस म्हणजे सदतीस. वाटेत कोणी तरी काही तरी केलं, नाही तर मी. मावशी, काकांनी काही..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मलाही ते पुरं करायचा धीर होईना.

३

धाकटा माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. लाँड्री चालवतो. गेले चार महिने त्याचा एकच धोशा होता, "ताई, बास झालं आता. किती टोचून घेशील? घरी चल, आहेत ते दिवस सुखात काढू." प्रेमानंच म्हणायचा. पण प्रेमापोटी माणसं काय काय करतात ते मी बाजारात बघितलं आहे.

मी सरळ विचारलं, "पिशवीला हात लावलास का?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. लहानपणी बरणी फोडल्यावर पडायचा तसाच.

"पिशवीला नाही, ताई. आईशप्पथ. पण..."

"पण काय?"

"पाण्यात बोट घातलं. एक बोट, जरासं. तू तिकडे पडलेली, मी इकडे नुसता बसलेलो. सवय आहे गं मला, पाणी दिसलं की हात जातो. आणि आता सगळे म्हणतायत पेशी मेल्या. माझ्या घाणेरड्या बोटानं मेल्या असतील का?"

तीन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही असं वाटत होतं मला. मुळात एकच दिवस झाला होता. त्याला वाटत होतं, आपण बहिणीला मारलं. आणि मी मनातून तेच मानायला निघाले होते. मला माझीच शरम वाटली.

"अरे येड्या, पिशवीला टाचणीएवढं भोक नव्हतं. तुझं बोट आत कसं जाणार?" मी त्याचा हात धरला. "आता नीट आठव. पाणी कसं होतं?"

"कढत होतं. मला जरा नवलच वाटलं. लोकरीचे कपडे कोमट पाण्यात काढतो आपण, तसं नव्हतं ते. सुती चादरींचं पाणी होतं. पण डब्यावर आकडा सदतीस. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

माझ्या भावाच्या बोटांनी तीस वर्षांत एकही लोकरीचा स्वेटर आटवलेला नाही. त्या आकड्यापेक्षा माझा त्या बोटांवर जास्त विश्वास होता.

चौदाचा पाढा आणि चादरींचं पाणी. दोघं वेगवेगळ्या तोंडांनी एकच सांगत होते, की पाणी सदतीस नव्हतं. मग डब्यानं खोटं सांगितलं, आणि संध्याकाळी मेकॅनिकसमोर तोच डबा साळसूद झाला. असं वागणारी यंत्रं माझ्या चांगल्या ओळखीची होती.

४

उष्णतेचं यंत्र चालवणाऱ्या इंजिनिअरला मी भट्टीवाले म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. या इस्पितळात मला मनापासून हसवणारा तो एकच माणूस. सुई टोचायची वेळ आली की म्हणायचे, "बाई, तवा तापलाय, तेवढ्यात पोळी भाजून घेऊ." नऊ वर्षं घालून त्यांनी ती कॉइल बांधली होती.

ते दुपारी स्वतःच माझी विचारपूस करायला आले.

"काल तुम्ही माझ्या मांडीत काचेचा धागा घातला होतात," मी म्हणाले. "तो थर्मामीटर होता ना? काचेचाच का?"

"धातू नको म्हणून."

"धातूनं काय होतं?"

"उगाच त्रास. कॉइल चालू असली की तारेत वीज खेळते." ते घाईनं पुढे म्हणाले, "त्या मुलीचं वाईट वाटतं मला. पण पिशवीचं टेबल जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर होतं, तिथे काय चाललंय ते मला दिसत नाही हो."

मी टेबलाबद्दल काही विचारलंच नव्हतं. आणि पाढेवालीचा आवाज तर माझ्या डाव्या कानाशी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून येत होता.

मी हसून मान डोलावली. ते गेल्यावर पाढेवालीला हाक मारली. "पोरी, चाकाची खुर्ची आण. मला ती खोली बघायची आहे."

"किल्ली फक्त सरांकडे असते."

"मग माझा चष्मा आत राहिला म्हणून सांग."

चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं तो काढून माझ्या उशीखाली ठेवला आणि किल्ली आणायला गेली. पोरगी हुशार होती, नुसती घाबरलेली होती.

५

खोली लहान. मध्ये माझं टेबल, त्यावर कॉइल, आणि कॉइलपासून दोन पावलांवर जमिनीवर गोल फिरलेला पिवळा पट्टा.

"हा पट्टा कशाचा?"

"भट्टीवाल्या सरांनी आखलाय. यंत्र चालू असताना कामाशिवाय कोणी आत जायचं नाही, असं आम्ही समजतो."

"समजता. विचारलंय कधी?"

"नाही. ते उष्णतेचे, आम्ही पेशींचे. एकमेकांच्या कामात कोण तोंड घालतं?"

पिशवीचं टेबल पट्ट्याच्या बाहेर, भिंतीला लागून होतं. तिथे जमीन गुळगुळीत होती. पण पट्ट्याच्या आत, माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला, मऊ फरशीत चार गोल खळगे उमटलेले होते. पाण्यानं भरलेला जड डबा ज्यावर तासन्‌तास उभा असतो अशा टेबलाच्या पायांचे. डोळ्यांना नीट दिसेना, तर वाकून बोटांनी चाचपले.

"काल टेबल इथे होतं."

"हो, सरांनीच ठेवायला सांगितलं. टेबल पट्ट्याबाहेर ठेवलं तर वायर प्लगपर्यंत पुरत नव्हती. ठेव इथेच, म्हणाले." मग तिच्या आवाजात काही तरी बदललं. "मावशी, ते बाहेर कोणी नेलं?"

मला एक जुना किराणा दुकानदार आठवला. त्याचा काटा मी सहा वेळा तपासला, सहाही वेळा चोख. तक्रारी मात्र थांबेनात. सातव्या खेपेला मी साडीचा पदर डोक्यावर घेऊन गिऱ्हाईक बनून गेले. तेव्हा कळलं, फळीखाली सरकता लोहचुंबक होता. निरीक्षक आला की मागे, गिऱ्हाईक आलं की पुढे. त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. काटा तपासायचा तर धंदा चालू असताना तपासायचा.

मेकॅनिकनं वॉटर बाथ तपासला तेव्हा धंदा बंद होता.

मी भावाला फोन लावला. "माझ्या कपाटात खालच्या खणात लाकडी पेटी आहे. सकाळी घेऊन ये. आणि जपून आण, आत काच आहे."

६

"समितीच्या बैठकीत पेशंटला बसता येत नाही," मोठे डॉक्टर दारात म्हणाले.

"मी माझी खुर्ची घेऊनच आले आहे," मी चाकं आत ढकलत म्हणाले. "मेल्या त्या पेशी माझ्या. सुतक मला आहे."

तिघं सभासद एकमेकांकडे बघू लागले. एका टोकाला पाढेवाली, दुसऱ्या टोकाला भट्टीवाले. भाऊ माझ्या मागे, छातीशी पेटी धरून.

"मला अर्धा तास द्या आणि खाली चला. खोटं ठरले तर आजच्या आज गाठोडं बांधून घरी जाते."

सगळे खाली आले. मी टेबल त्या चार खळग्यांवर ठेवायला लावलं. पाय बरोब्बर बसले. त्यावर वॉटर बाथ, आकडा सदतीस. पेटीतून मी काचेची नळी काढली. पेट्रोल पंप तपासताना वापरायचे तो थर्मामीटर, आत लाल रंगाचं स्पिरिट, धातूचा कणही नाही. ती पाण्यात सोडली. तीही सदतीस.

"आता कॉइल चालू करा," मी भट्टीवाल्यांना म्हणाले.

ते जागचे हलले नाहीत.

"चालू करा," मोठे डॉक्टर म्हणाले.

यंत्र घुमू लागलं. डब्यावरचा आकडा क्षणभर खाली घसरला, तसा हीटरचा दिवा पेटला. आकडा पुन्हा सदतीसवर आला आणि तिथेच बसून राहिला, पण दिवा विझेना. पाच मिनिटांनी लाल रेघ चाळीसवर होती. दहा मिनिटांनी चव्वेचाळीसवर. पंधरा मिनिटांनी अठ्ठेचाळीसवर.

"भाऊ, बोट घाल," मी म्हणाले.

त्यानं घातलं आणि पटकन काढलं. "चादरीचं पाणी. हेच."

"डब्याच्या पोटात धातूची तार आहे, तीच त्याचं नाक," मी म्हणाले. "कॉइल चालू झाली की त्या नाकाला पाणी गार वाटतं. मग डबा पाणी तापवत बसतो आणि आकडा मात्र सदतीस दाखवतो. म्हणून चौदातच बर्फ संपला. पुढची वीस मिनिटं माझ्या पेशी अठ्ठेचाळीसच्या पाण्यात उकडत होत्या. कॉइल बंद झाली, डबा शुद्धीवर आला, पाणी निवलं. मेकॅनिकला सगळं ठीक दिसलं. ना पोरीची चूक, ना माझ्या भावाच्या बोटाची."

"म्हणजे अपघात," एक सभासद म्हणाला.

"तिथपर्यंत अपघात. पण मेकॅनिक यायच्या आधी हे टेबल पट्ट्याबाहेर गेलं. पट्ट्याचा अर्थ पेशीवाल्यांपैकी कोणालाच माहीत नाही. ज्याला माहीत आहे, त्यालाच ते हलवायची गरज पडली. आणि खोलीची किल्ली एकाकडेच असते."

भट्टीवाल्यांनी यंत्र बंद केलं. 

"पट्टा मीच आखला," ते म्हणाले. "पट्ट्याच्या आत तारेचा थर्मामीटर खोटं बोलतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुमच्या अंगावरची साधी पिन काढायला लावली मी. पण तो डबा... मला ती नुसती पाण्याची बादली वाटली, बाई. तिच्यात थर्मामीटर असतो हे डोक्यातच आलं नाही. शंभरात अकराच उरल्या हे कळलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, आता भट्टी बंद करतील. नऊ वर्षं..."

"आणि या पोरीची?"

 मला फार राग आला. खोटं माप ठेवणाऱ्याचा मला येतो त्याहून जास्त, कारण हा माणूस मला आवडत होता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "यांना आजपासून कामावरून दूर..."

"थांबा," मी म्हणाले. "शिक्षा काय ती द्या, मी अडवणार नाही. पण आधी माझी गाठ तापवायची आहे, आणि ती भट्टी यांच्यासारखी कोणाला चालवता येत नाही. पेशी आहेत, उष्णता आहे, आणि चूक कुठे झाली तेही आता कळलं. प्रयोग बंद करायला एक तरी कारण उरलंय का? असलं तर मला तोंडावर सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"आणि भट्टीवाले, माफी माझ्याकडे मागू नका. तिच्याकडे मागा. इथेच, सगळ्यांसमोर."

त्यांनी मागितली. पाढेवालीनं ती लगेच दिली नाही, याचा मला आनंद झाला.

७

तेरा दिवसांनी मी पुन्हा त्या टेबलावर आडवी झाले. पिशवीचं टेबल पट्ट्याच्या बाहेर होतं, लांब नवी वायर होती, पाण्यात माझी काचेची नळी उभी होती. पट्ट्यावर आता ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आत काय न्यायचं नाही आणि का. त्या 'का'साठी दोन्ही बाजूंनी दोन दिवस भांडण झालं म्हणे. बरं झालं, निदान बोलले तरी.

भट्टीवाले मुकाट्यानं काम करत होते. पोळी भाजायचा विनोद त्यांनी केला नाही. गाठ त्रेचाळीसवर पोचली तेव्हा फक्त म्हणाले, "दार उघडलं."

"बे एके बे," पलीकडून आवाज आला.

मी डोळे मिटले. चौदाचा पाढा सुरू झाला. चौदा पंचे सत्तर. चौदा सक चौऱ्याऐंशी. थांबली नाही. पंधरा, सोळा, सतरा. धाकटा कोपऱ्यात दोन्ही हात काखेत दाबून बसला होता.

"एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस," ती म्हणाली आणि थांबली. "संपला, मावशी."

वरून निरोप आला. शंभरात एक्क्याण्णव.

पिशवी टांगली. पहिला थेंब नळीतून खाली उतरला. मोठे डॉक्टर शेजारी बसले होते, पण या वेळी मला त्या बसण्याची भीती वाटली नाही.

"बाई, खरं सांगायला हवं," ते म्हणाले. "गाठ या पेशींना जुमानेल की नाही, आज कोणीच सांगू शकत नाही."

"मी कुठे विचारलं? आज काटा खरा आहे ना?"

"आहे."

"मग वजन काय भरायचं ते भरू दे."

पाढेवालीनं टांगलेली पिशवी खालून ओंजळीत धरली होती आणि पुढे काय म्हणावं ते तिला सुचत नव्हतं. तिचे पाढे एकोणिसापाशी संपत. विसाचा मी सुरू केला.